पक्षिप्रतिमा, लोकप्रिय मराठी गीतांतील

पक्ष्याच्या रूपाने मानवी भावस्थिती सूचित करण्याचा संकेत मराठी गीतांत प्राचीन काळापासून आढळतो. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी व चित्रपट या माध्यमांमुळे विसाव्या शतकात त्याचा प्रसार सर्व थरांत झाला. पाश्चात्त्य लोकप्रिय गीतांत पक्षी हा बहुधा उड्डाणाचे व मुक्ततेचे प्रतीक असतो. मराठी गीतांत मात्र तो प्रामुख्याने घराशी, घरट्याशी आणि मागे राहिलेल्या माणसांशी निगडित आहे.

या संकेताचे एक जुने रूप ज्ञानेश्वरांच्या (१२७५–९६) विराणीत दिसते. कावळ्याचे ओरडणे ही पाहुण्याच्या आगमनाची सूचना, हा लोकसमज तेथे विरहिणीच्या प्रतीक्षेला आधार होतो. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातून व लता मंगेशकरांच्या स्वरातून ही रचना आधुनिक श्रोत्यांपर्यंत पोहोचली. जिव्हाळा (१९६८) या चित्रपटातील ग. दि. माडगूळकर यांच्या ‘या चिमण्यांनो’ या गीतात संध्याकाळी पाखरांना परत बोलावणारी आई आहे. याच वर्षी इंग्लंडमध्ये बीटल्स या वाद्यवृंदाचे ‘ब्लॅकबर्ड’ हे गीत प्रसिद्ध झाले. त्यातील पक्षी जखमी पंखांनी उडू पाहतो, तर मराठी गीतातील पक्ष्यांना घरी परतावयाचे आहे. या दोन गीतांतून दोन संकेतांतील अंतर स्पष्ट होते.

अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत हा संकेत सामाजिक अर्थाने समृद्ध झाला. पोटासाठी मुंबईस आलेल्या कामगाराची पत्नी ही येथील मैना होय. वस्तुतः स्थलांतर पुरुषाने केले आहे. परंतु पक्ष्याचे नाव मिळते ते जागेवरच राहिलेल्या स्त्रीला. पुढे हीच मैना संयुक्त महाराष्ट्रापासून दुरावलेल्या मराठी भूभागाचेही प्रतीक होते. खाजगी विरह व राजकीय वियोग एकाच प्रतिमेत सामावणे, हे या रचनेचे मोठे यश आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या सुगरणीवरील गीतात खोपा विणण्याचे कौशल्य मादीकडे दिले आहे. पक्षिशास्त्रानुसार सुगरण पक्ष्याचा खोपा नर विणतो व मादी त्याची निवड करते. कोकिळेच्या बाबतीतही परिचित ‘कुहू’ नराचीच असते, परंतु गायिकेचा मान मादीला मिळतो. अशा विसंगतींना केवळ चुका म्हणणे पुरेसे नाही. घर उभारण्याचा व सांभाळण्याचा भार स्त्रीवर असलेल्या समाजाने आपले जीवन पक्ष्यांत पाहिले, हे त्यांवरून कळते. तथापि विरहगीतांतील स्त्रीला वाट पाहण्यापलीकडे क्वचितच कृती दिली जाते, ही या संकेताची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे.

नागरी जीवनात ही मर्यादा अधिक जाणवते. ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेल्या कळव्यासारख्या उपनगरांत कोकण व देशावरून आलेल्या कामगारांची वस्ती वाढली. रेल्वे आणि ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा ही त्याची प्रमुख कारणे होत. येथे अनेक कुटुंबे कायमची स्थायिक झाली. त्यामुळे गावी राहिलेल्या मैनेची प्रतिमा पुढील पिढ्यांच्या अनुभवापासून दुरावली. दुसरीकडे, कळव्याच्या दक्षिणेस खाडीत हंगामी मुक्कामाला येणारा रोहित अर्थात फ्लेमिंगो हा खराखुरा स्थलांतरित पक्षी लोकप्रिय प्रतिमा बनला आहे. तेथील अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले व २०२२ मध्ये ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नवी मुंबईत हा पक्षी भित्तिचित्रांतून व शिल्पांतून शहराची ओळख म्हणून मिरवतो. परंतु काऊ, चिमणी वा मैना यांच्याप्रमाणे त्याला कोणी हाक मारीत नाही, निरोप सांगत नाही. तो पाहण्याचा विषय आहे, बोलण्याचा नव्हे. दूरवरून येऊन खाडीच्या चिखलात आपले अन्न शोधणारा हा पक्षी येथील माणसांच्या कहाणीशी अधिक जवळचा आहे. ते नाते शब्दांत आणणारे गीत सर्वतोमुखी झाल्यास मराठी पक्षिप्रतिमेला परतीच्या ओढीबरोबरच नव्या ठिकाणी रुजण्याचाही अर्थ लाभू शकेल.