शील आणि दारूबंदीचा कायदा

पंचशीलातील पाचव्या शीलाचा आधार घेऊन शासकीय दारूबंदीचे समर्थन केले जाते, ते आम्हांस मान्य नाही. ‘समादियामि’ हे प्रथमपुरुषी क्रियापद आहे. शील उपासक स्वतः ग्रहण करतो, फौजदाराच्या धाकाने नव्हे. संविधानाचा अनुच्छेद ४७ देखील मद्यबंदीचा निर्देश देतो तो सार्वजनिक आरोग्याच्या संदर्भात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने तर परवानाधारकाचा प्याला वैध ठरविला. धाड पडते ती वस्तीतील हातभट्टीवर! तथापि ज्या स्त्रियांच्या चळवळीमुळे २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली (ती २०२१ मध्ये उठविण्यात आली), त्यांचा प्रश्न पापपुण्याचा नव्हता. मजुरी घरी यावी, मारझोड थांबावी, ही त्यांची मागणी होती. आणि तिला आमचा निःसंदिग्ध पाठिंबा आहे.