सम्राटाचे प्रदर्शन आणि कारागिरांची नावे : लंडनमधील मृण्मय सेनेच्या प्रदर्शनाची चिकित्सा

प्रास्ताविक

संग्रहालयातील प्रदर्शन हीदेखील एक संहिताच असते. कोणती वस्तू आधी मांडावी, कोणत्या वस्तूवर प्रकाश टाकावा, कशासाठी किती शब्द खर्च करावेत, या निर्णयांतून इतिहासाचा एक विशिष्ट अन्वयार्थ प्रेक्षकांपुढे ठेवला जातो. साहित्यकृतीप्रमाणे प्रदर्शनाचीही समीक्षा व्हावयास हवी, ती यामुळेच. या दृष्टीने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १३ सप्टेंबर २००७ ते ६ एप्रिल २००८ या काळात भरलेल्या ‘पहिला सम्राट : चीनची मृण्मय सेना’ या प्रदर्शनाचा विचार उद्बोधक ठरतो.

प्रदर्शनाचे स्वरूप

जेन पोर्टल यांच्या संयोजनाखाली सुमारे १२० वस्तू मांडण्यात आल्या होत्या. त्यांत वीसएक मृण्मूर्ती होत्या. संग्रहालयाच्या प्रसिद्ध गोलाकार वाचनालयात तात्पुरती जमीन उभारून ही मांडणी केली होती. साडेआठ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ती पाहिली. या संग्रहालयाच्या इतिहासात १९७२ च्या तुतांखामेन प्रदर्शनानंतर एवढी गर्दी अन्य प्रदर्शनास झाली नव्हती.

मांडणीचे दोन भाग होते. पूर्वार्धात चिन शी ह्वांगचा उदय होता : इ. स. पूर्व २४६ मध्ये बालवयात मिळालेले चिन राज्याचे सिंहासन, इ. स. पूर्व २२१ मध्ये पूर्ण झालेले एकीकरण, नाणी, वजनेमापे आणि लिपी यांचे प्रमाणीकरण. उत्तरार्धात त्याची समाधी व सेना होती. सैनिकांबरोबरच नोकरशहा, कसरतपटू व वादक यांच्या मूर्ती ठेवल्यामुळे ही केवळ सेना नसून सम्राटासाठी भूगर्भात वसवलेले एक संपूर्ण जग होते, हे प्रेक्षकांना उमगले. हे या प्रदर्शनाचे निर्विवाद यश होय.

चेहऱ्यांचा भ्रम

असे असले तरी मांडणीचा कणा शीर्षकापासूनच सम्राटाचे चरित्र हा होता. त्याचा परिणाम मूर्तींच्या आकलनावर होतो. प्रत्येक सैनिकाचा चेहरा वेगळा आहे, हे विधान १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना या मूर्ती सापडल्यापासून सर्वत्र केले जाते. त्यावरून प्रत्येक मूर्ती म्हणजे एका प्रत्यक्ष सैनिकाचे व्यक्तिचित्र, असा समज सहज रूढ होतो. कलेतिहासकार लोथार लेडेरोझ यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेन थाउजंड थिंग्ज’ या ग्रंथात वेगळे स्पष्टीकरण दिले आहे. मर्यादित प्रकारचे घटक निरनिराळ्या रीतीने जोडून आणि त्यांवर हाताने काम करून हे वैविध्य साधले गेले. त्या अर्थाने चेहऱ्यांतील वेगळेपण हे मुख्यतः उत्पादनपद्धतीचे फलित आहे.

मग या दालनात खऱ्याखुऱ्या व्यक्ती कोठे आहेत? त्या मूर्तींच्या अंगावर आहेत. अनेक मूर्तींवर कारागिरांची वा त्यांच्या प्रमुखांची नावे कोरलेली अथवा शिक्क्याने उमटवलेली आढळतात. आधुनिक चित्रकाराच्या स्वाक्षरीसारखा अभिमान त्यांमागे शोधणे मात्र चुकीचे ठरेल. कामात खोट निघाल्यास जबाबदार कोण, हे शासनाला कळावे म्हणून ही नावे घातली जात. ज्या प्रमाणीकरणाचा गौरव पूर्वार्धात होतो, त्याच शासनयंत्रणेची ही दुसरी बाजू आहे. वजनमापाप्रमाणे माणसाचे श्रमही येथे मोजणीत आले.

समाधीच्या परिसरात उत्खननात मजुरांची दफनेही सापडली आहेत. कौलांच्या तुकड्यांवर मृताचे नाव आणि मूळ गाव कोरलेले आहे. त्यांतील काही जण दंडाची वा कर्जाची रक्कम श्रमाने फेडत होते. सुमारे शतकानंतर लिहिणाऱ्या सीमा चिएन या इतिहासकाराने समाधीच्या कामावर ७ लाख माणसे असल्याचे नमूद केले आहे. आकडा अतिशयोक्त असू शकेल. परंतु मृण्मय सेनेविषयी त्याने अक्षरही लिहिलेले नाही, हे लक्षणीय आहे. म्हणजे ज्यांनी ही सेना घडवली त्यांच्याविषयीचा लिखित पुरावा प्रामुख्याने माती आणि कौल यांवरच उरला आहे.

अस्सलतेचा प्रश्न

याच काळात, डिसेंबर २००७ मध्ये, जर्मनीतील हांबुर्ग येथील प्रदर्शनात मांडलेले सैनिक प्रतिकृती असल्याचे उघडकीस आले आणि ते प्रदर्शन बंद करावे लागले. प्रेक्षकांचा रोष रास्तच होता. तथापि प्रतिकृतीतही चेहरा, चिलखत, केशरचना सारे तसेच दिसते. मग नेमके काय हरवते? सम्राटाचे वैभव दाखवण्यास प्रतिकृती पुरेशी आहे. हरवतो तो इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातील विशिष्ट माणसाचा हात. अस्सल वस्तूचे मोल शेवटी तिच्या निर्मात्याशी येऊन मिळते आणि सम्राटकेंद्री मांडणी त्याच निर्मात्याला दुय्यम स्थान देते, ही या प्रकारच्या प्रदर्शनांतील मूलभूत विसंगती होय.

समारोप

ही विसंगती लंडनपुरती मर्यादित नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी मातीची भांडी व जेडच्या वस्तू आहेत. मिंग व चिंग काळातील राजाश्रयाच्या भांड्यांच्या तळाशी सामान्यतः सम्राटाच्या राजवटीचे चिन्ह असते, घडवणाऱ्याचे नाव नसते. तेथे विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या अध्यापकाने ‘ही वस्तू कोणाच्या काळातली?’ या प्रश्नाला ‘ती कोणी, कोणत्या परिस्थितीत घडवली?’ या प्रश्नाची जोड द्यावयास हवी. लंडनच्या प्रदर्शनाने प्राचीन चीन लाखो लोकांच्या जवळ आणला, हे श्रेय त्यास द्यावेच लागेल. परंतु मूर्तीवर कोरलेले नाव वाचण्यास प्रेक्षकाला मूर्तीजवळ थांबवणे, हे लोकप्रिय प्रदर्शनापुढील अधिक अवघड आणि अधिक आवश्यक कार्य आहे.