'स्टार ट्रेक'चं पहिलं पर्व घरी पाहताना

विज्ञानकथेवर बोलायचं म्हणजे हातात पुस्तक हवं. आम्ही मात्र आज एक डबा घेऊन आलो आहोत. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचं पहिलं पर्व, ब्लू-रे तबकड्यांवर. एकूण 29 भाग, प्रत्येक भाग साधारण 50 मिनिटांचा. मालिका 8 सप्टेंबर 1966 रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. हा संच आला 2009 साली. आता तुम्ही म्हणाल, इतक्या जुन्या परक्या मालिकेचं मस्तगडात काय काम?

काम आहे. तुमच्यातल्या पन्नाशीच्या मंडळींना आठवत असेल, 1980 च्या दशकात दूरदर्शन ही मालिका रविवारी सकाळी दाखवायचं. आम्ही ती शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिली. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, खालून ओरडा चाललाय, "आलं, आलं... गेलं!" इंग्रजी फारसं कुणाला कळत नव्हतं. टोकदार कानांचा स्पॉक काय बोलतो ते आम्ही आमच्या मनाने लावून घ्यायचो. पुढे व्हीसीआर भाड्याने मिळू लागला, पण एका रात्रीत तीन हिंदी सिनेमे उरकायचे असायचे. त्यात ही कॅसेट कोण आणणार? लाल सदरा घातलेला शिपाई पहिल्यांदा मरतो, हा या मालिकेवरचा जगप्रसिद्ध विनोद. आम्हाला तो कळायला कितीतरी वर्षं लागली. आमच्याकडे सगळेच सदरे राखाडी होते ना!

म्हणून हा संच पाहताना पहिला धक्का रंगांचा आणि स्पष्टपणाचा. हे शक्य झालं, कारण मालिका 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती. त्या काळच्या टीव्हीवर दिसायचं त्याच्या कितीतरी पट अधिक तपशील फिल्ममध्ये साठलेला असतो. ती जपून ठेवली, म्हणून चाळीस वर्षांनी तिच्यातून नवं, स्वच्छ चित्र काढता आलं.

दुसरी गोष्ट मात्र वादाची आहे. 2006 साली, मालिकेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, मालकांनी अवकाशातली दृश्यं संगणकावर नव्याने करून घेतली. मूळ 'एंटरप्राइज' यान म्हणजे 11 फुटांची एक प्रतिकृती. ती आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिच्या जागी संगणकातलं यान आलं, ग्रहांवर ढग आले, खोली आली. कुणी म्हणालं सुंदर, कुणी म्हणालं पाप.

आम्ही दोन्ही पाहिलं. काम जबाबदारीने केलंय, भडकपणा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण आमचं मत विचाराल, तर पहिल्यांदा जुनंच पाहा. का, ते तीन भागांवरून सांगतो.

'बॅलन्स ऑफ टेरर' घ्या. शत्रूचं यान अदृश्य होतं. म्हणजे लढाई दिसतच नाही. ती दिसते माणसांच्या चेहऱ्यांवर. पाणबुडीच्या सिनेमासारखा सगळा ताण आत कोंडलेला. मधेच शत्रूचा चेहरा पडद्यावर येतो आणि तो हुबेहूब स्पॉकसारखा निघतो. झालं! एंटरप्राइजवरच्याच एका अधिकाऱ्याला आपल्याच सहकाऱ्याचा संशय येऊ लागतो. तोंडावळा पाहून माणसाची निष्ठा ठरवणं आपल्याला काही अनोळखी नाही. या भागाचं मर्म तिथे आहे, बाहेरच्या स्फोटात नाही.

'डेव्हिल इन द डार्क' घ्या. खाणीत एक राक्षस कामगारांना मारतोय. हा राक्षस म्हणजे रबरी खोळ पांघरून रांगणारा माणूस, हे लहान पोरालाही कळतं. आम्ही हसलो. आणि मग कळतं की ती आई आहे. खाणवाले ज्यांना बिनकामाचे दगडगोटे समजून फोडत होते, ती तिची अंडी. मंडळी, हसू तिथल्या तिथे थांबतं. खोळ रबरीच राहते, पण आता आपली नजर तिच्यावर खिळलेली असते.

तिसरा भाग, 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'. नायक 1930 सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो, एका भल्या बाईच्या प्रेमात पडतो. आणि कळतं की ती जगली तर इतिहास उलटा फिरेल. तिला वाचवायचं की मरू द्यायचं? या भागाला 1968 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. यात बघण्यासारखं यान कितीसं आहे? जवळजवळ नाहीच.

पैसा कमी होता, म्हणून कथेला राबावं लागलं. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसं इकडे विरघळून तिकडे उमटण्याची युक्ती निघाली. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 साली 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवलं. तिथे तर कागद आणि शाई एवढंच भांडवल. कल्पना पक्की असेल तर तेवढं पुरतं.

मग नवं चित्र नकोच का? तसं नाही. या संचाचा मोठेपणा असा, की त्यात दोन्ही आहेत. जुनी दृश्यं की नवी, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. हा आपल्या शेजारचा गड 1725 सालचा. उद्या कुणी त्याची पडकी भिंत नव्या दगडांनी बांधली, तर आम्ही तक्रार करणार नाही. पण जुना दगड कुठला आणि नवा कुठला, हे पोरांना दिसलं पाहिजे. जुना उचलून फेकला आणि हाच मूळ गड असं सांगितलं, तर ती डागडुजी राहत नाही, ती फसवणूक होते.

दोषही सांगतो. भाग प्रक्षेपणाच्या क्रमाने लावलेत, चित्रीकरणाच्या नाही. त्यामुळे तिसऱ्या भागात एकदम गणवेश बदलतात, नेहमीचा डॉक्टर गायब होतो. खरं तर तो आधी केलेला नमुन्याचा भाग आहे. नवखा प्रेक्षक गोंधळतो. आणि मराठी उपशीर्षकं नाहीत. तेव्हाही भाषा अडली होती, आजही अडते.

शेवटचं, आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचं. ब्रिटनच्या बीबीसीने 'डॉक्टर हू'च्या जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. शंभराच्या आसपास भाग त्यामुळे हरवले. श्रीमंत देशातही हे झालं. आपल्याकडे 1998 साली केतन मेहतांनी दूरदर्शनसाठी 'कॅप्टन व्योम' केली, मिलिंद सोमण नायक. तिची चित्रं आज पाहताना हसू येईल, येऊ दे. खाणीतल्या त्या आईलाही आम्ही आधी हसलोच होतो. पण हसायला तरी ती मालिका नीट, पूर्ण, चांगल्या प्रतीत हाताशी हवी ना? परक्यांनी आपली रबरी खोळसुद्धा जपली. आपण आपली जपायच्या लायकीची मानतो का, हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

डबा इथेच टेबलावर आहे. ज्यांना बघायचा त्यांनी न्यावा, फक्त परत आणावा. थांबतो.