कागदावरची जमीन : ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा वाचताना

शेतकऱ्यावर लिहिलेले मराठी साहित्य आठवू लागले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम आभाळ येते. न आलेला पाऊस, भेगाळलेली जमीन, रिकामी कणगी आणि दारात बसलेला चिंतातुर कुणबी ही चित्रे आपल्या मनात इतकी पक्की बसली आहेत की त्याच्या दुःखाचे दुसरे एक कारण आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. ते कारण म्हणजे कागद. खत, जबानी, नोटीस, फेरफार, उतारा ही नावे ललित साहित्याला रुक्ष वाटतात. परंतु दुष्काळात करपलेले पीक पुढच्या मृगात पुन्हा उभे राहू शकते. एका अंगठ्याने गेलेली जमीन बहुधा परत येत नाही.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरला की मोताळा तालुका लागतो. त्या तालुक्यातील धामणगाव बढे या गावी काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याबरोबर जाण्याचा योग आला. ज्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो त्या वृद्ध गृहस्थांनी बोलता बोलता आतून पत्र्याची एक पेटी आणविली. पेटीत दागिने नव्हते. पिवळे पडलेले कागद होते. त्यांतला एक उलगडून ते म्हणाले, “भाऊ, बोलनं गहानाचं होतं, कागद मात्र खरेदीचा झाला.” त्यांच्या वडिलांनी अडचणीच्या वेळी रक्कम उचलली, ती फेडली की शेत परत मिळेल असे तोंडी ठरले आणि लिहिणाऱ्याने कायम खरेदीखत लिहिले. पुढे शेत गेले, कागद राहिला. परतल्यावर मी कपाटातून जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा काढला. तो ग्रंथ मी या एका वाक्याच्या उजेडात वाचला, आणि प्रस्तुत लेख त्या वाचनाचा आहे.

‘असूड’ १८८३ साली लिहून झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात आली. पुढची छापण्याचे धैर्य त्या पत्राला झाले नाही, आणि संपूर्ण ग्रंथ लेखकाच्या हयातीत छापून निघाला नाही. कागदाच्या सत्तेविरुद्ध लिहिलेला ग्रंथ स्वतः छापील कागदावाचून राहावा, ही त्याच्या नशिबाची विचित्र गती होय. आपल्याकडे या ग्रंथाचा गौरव फार झाला. तथापि तो बहुधा विचारांचा गौरव असतो. त्यातील निवेदनाकडे, म्हणजे लेखक गोष्ट कशी सांगतो याकडे, समीक्षेने त्या मानाने कमी लक्ष दिले आहे.

दुसरे प्रकरण या दृष्टीने वाचावे. गावातला एखादा लहानसा तंटा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या हाती सापडतो, त्याला फुंकर घातली जाते, आणि प्रकरण कचेरीत व कोर्टात पोचते. तेथे पुन्हा लिहिणारे असतात. शेतकरी बोलतो एक आणि उतरते दुसरे. ऐकणारा गोरा अधिकारी त्याची भाषा पुरती जाणत नाही. मधल्या प्रत्येक पायरीवर काही द्यावे लागते. जोतीराव हे सर्व तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. ते कागदाचा माग काढतात. तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला आणि प्रत्येक हाताने त्याचे काय केले, हे ते क्रमाने दाखवितात. शेतकऱ्याचे नुकसान दैवाने झाले असे वाचकाला क्षणभरही वाटू नये, इतकी ती मांडणी नेमकी आहे. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी माणूस उभा आहे, त्याने काही तरी लिहिले आहे किंवा लिहायचे टाळले आहे.

चौथ्या प्रकरणात हीच दृष्टी अधिक कोमल होते. सारासूट मागण्यासाठी कलेक्टरच्या तंबूपर्यंत जाऊन निराश होऊन परतलेला शेतकरी स्वतःशीच बोलत राहतो. आपल्या दुःखाचा हिशेब तो स्वतःच मांडतो आणि आपले काय चुकले हे शोधू पाहतो. मराठी गद्यात सामान्य माणसाच्या मनातले बोलणे इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे क्वचितच आले असेल. या स्वगताची वेदना अशी की ज्या भाषेत तो स्वतःशी इतके नेटके बोलतो, त्या भाषेला तंबूत किंमत नाही. त्याच्यापाशी शब्द होते; ते लिहून घेणारा कोणी नव्हता.

ग्रंथाची वैगुण्ये झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इतिहासाची मांडणी करताना लेखकाची लेखणी सरसकट विधानांकडे झुकते आणि एका वर्गाच्या दोषांचे ओझे त्या वर्गातील प्रत्येकावर टाकते. दुसरे वैगुण्य अधिक महत्त्वाचे वाटते. फसवणूक कशी होते हे जोतीराव विलक्षण ताकदीने दाखवितात. परंतु ज्या नियमामुळे खोटा कागद खऱ्या बोलण्यावर मात करतो, त्या नियमाशी ते फार वेळ थांबत नाहीत. त्यांचा भर लिहिणाऱ्याच्या लबाडीवर आहे. लिहिणारा प्रामाणिक असतानाही कागद अन्याय करू शकतो, हा प्रश्न त्यांनी आपल्यासाठी ठेवला आहे.

तो प्रश्न त्या काळीही अनोळखी नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्याच्या घरातील कर्जरोख्यांवर होता. ते मिळवावेत आणि जाळावेत, असा तो उठाव होता. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्या कायद्याचे मर्म असे की न्यायाधीशाने रोख्यावर लिहिलेली रक्कम डोळे मिटून खरी मानू नये. रोख्याच्या मागे जावे आणि मूळ व्यवहार काय होता ते तपासावे. वऱ्हाड त्या वेळी निराळ्या कारभाराखाली होता. बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला तो कायदा आला नाही.

धामणगावच्या त्या पेटीतील कागदाचे कोडे येथेच आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात १९२९ साली एक परंतुक घातले गेले. विक्रीच्या रूपाने केलेला व्यवहार गहाण ठरायचा असेल, तर परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असली पाहिजे, असे ते सांगते. अट तोंडी असली, निराळ्या चिठ्ठीवर असली, तर खरेदी ती खरेदीच. नियम निश्चिततेसाठी केला, हेतू वाईट नव्हता. परंतु ज्याचा सारा व्यवहार शब्दावर चालतो त्याच्या शब्दाला त्याने दाराबाहेर उभे केले. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारीचे नियमन करणारा नवा कायदा आला. सावकारीच्या ओघात जमीन गेली आहे अशी चौकशीअंती खात्री झाल्यास जिल्हा निबंधकाला तो दस्त अवैध ठरवून जमीन परत देवविता येते. म्हणजे १८७९ साली जे शहाणपण सुचले होते, कागदाच्या मागे जाऊन पाहण्याचे, तेच एवढ्या वर्षांनी पुन्हा लिहावे लागले.

मधल्या काळात बुलढाणा जिल्ह्यातच एक असे प्रकरण घडले की ते वाचताना ‘असूडा’चे दुसरे प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. २००६ साली एका शेतकऱ्याने सावकाराविरुद्ध खामगावच्या पोलीस ठाण्यात दाद मागितली. सावकाराचे घराणे राजकारणात वजनदार होते. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून ठाण्यात दूरध्वनी गेला, पुढे जिल्हाधिकाऱ्यांनाही सूचना मिळाली, आणि त्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी थेट नोंदवू नयेत असे ठरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शासनाला पंचवीस हजार रुपयांचा दंडात्मक खर्च लावला. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे १४ डिसेंबर २०१० रोजी न्या. सिंघवी व न्या. गांगुली यांच्या पीठाने तो खर्च दहा लाखांवर नेला आणि ती रक्कम गरीब शेतकऱ्यांच्या कायदेशीर साहाय्यासाठी राखून ठेवण्यास सांगितले.

साहित्याचा वाचक म्हणून या निकालपत्रातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. तो दूरध्वनी सिद्ध झाला कसा? ठाण्याच्या दैनंदिनीत त्याची नोंद होती म्हणून. मोठ्या ठिकाणाहून निरोप आला असता तो जसाच्या तसा नोंदविणारा एक लेखनिक त्या ठाण्यात होता. त्याने भाषण केले नाही, बंड केले नाही. जे घडले ते लिहिले. ‘असूडा’तील सारे लिहिणारे एका बाजूला ठेवले आणि ही चार ओळींची नोंद दुसऱ्या बाजूला ठेवली, तर जोतीरावांच्या ग्रंथाला एक पुरवणी मिळते. ज्या कागदाने माणूस लुटला जातो, त्याच कागदाने तो सोडविलाही जातो. लिहिणाऱ्याने खरे लिहिले पाहिजे, एवढीच अट आहे.

याच जिल्ह्याने मराठीला सदानंद देशमुख यांच्यासारखा कादंबरीकार दिला. त्यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शिकून गावी राहिलेल्या एकनाथाच्या नजरेतून शेतकरी घर आतून कसे विस्कटत जाते ते ती कादंबरी दाखविते, आणि या मातीच्या बोलीला तिने जी प्रतिष्ठा दिली ती मोठी आहे. ‘असूड’ आणि ‘बारोमास’ शेजारी ठेवले की एक फरक जाणवतो. जोतीराव शेवटच्या प्रकरणात उपाय सांगू लागतात. बंधारे, पाणी, जनावरे, शिक्षण अशी त्यांची यादीच आहे. कादंबरी उपाय सांगत नाही, व्यथेपाशी थांबते. कादंबरीकाराला त्याचा दोष देता येणार नाही, कारण उपाय सांगणे हे कादंबरीचे काम नव्हे. परंतु वाचक म्हणून आपण केवळ व्यथेच्या पुस्तकांवर अश्रू ढाळत राहिलो आणि ‘असूडा’सारख्या माग काढणाऱ्या पुस्तकाला जयंतीपुरते ठेवले, तर दोष आपला आहे. व्यथा वाचून मन हळवे होते. माग वाचला की आपल्याच घरातली पेटी उघडावीशी वाटते.

आपल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. राजांच्या पहिल्या पुस्तकातील नाबोथाची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथाने तो दिला नाही. पुढे काय झाले ते बारकाईने पाहावे. ईजबेलीने सैनिक पाठविले नाहीत. तिने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठविली, उपवासाचा दिवस ठरविला, दोन साक्षीदार उभे केले. सर्व काही रीतीप्रमाणे झाले आणि नाबोथ मेला. ज्या मळ्यासाठी राजा अन्न टाकून पडला होता तो कागदाने मिळविला गेला. एलियाने त्या कागदाच्या मागे जाऊन पाहिले, म्हणून आज आपल्याला नाबोथाचे नाव माहीत आहे.

ही कथा वाचताना आपण स्वतःला नाबोथाच्या बाजूला धरतो. नेहमीच तसे असते काय? भारतीय वारसा कायदा १९२५ साली झाला. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर ख्रिस्ती घरात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा, असे तो सांगतो. गोव्याची रीत निराळी आहे. तेथे निराळा कायदा चालतो. असे असता वारस-नोंदीची वेळ आली की बहिणींना एका सकाळी तालुक्याच्या गावी नेले जाते, हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, परतताना साडीचोळी होते. कागद बिनचूक असतो. तो वाचून दाखविला गेला का, तिला खरोखर सोडायचे होते का, हे त्या कागदावर कोठेच नसते. जोतीरावांचा असूड ज्या लिहिणाऱ्यावर उगारलेला आहे तो नेहमी कचेरीतच बसलेला असतो असे नाही. कधी तो आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसलेला असतो.

आज सातबाराचा उतारा संगणकावर मिळतो, ही सोय मोठीच आहे. तथापि उतारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. ते पंधरा दिवस किती घरांत न वाचता जातात, हे प्रत्येकाने आपापल्या गावी विचारून पाहावे.

धामणगाव बढे येथील त्या गृहस्थांनी निघताना कागद पुन्हा घडी घालून पेटीत ठेवला. जमीन गेली तरी तो का जपून ठेवता, असे मी विचारले. ते म्हणाले, “पोराले वाचता येते.” त्यांचा नातू तेव्हा दहावीत होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ कोणासाठी लिहिला गेला, या प्रश्नाचे उत्तर मला त्या ओसरीवर मिळाले.