विद्यार्थ्यांचे समाजमाध्यमांवरील गद्य

विद्यार्थी समाजमाध्यमांवर जे मराठी लिहितात, त्याविषयी विद्वज्जनांची तक्रार बहुधा ऱ्हस्व-दीर्घाची असते. ती निराधार नाही. 'दिन' आणि 'दीन' यांतील अर्थभेद लेखनातच स्पष्ट होतो. परंतु शुद्धतेचा सारा विचार याच एका ठिकाणी येऊन थांबावा, हे इष्ट नव्हे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, आणि 'घरें' हे तोवरचे शुद्ध रूप अशुद्ध ठरले. नियम हे असे संकेत असतात. ते पाळावयाचे, पण त्यांच्या भंगाला भाषेचा ऱ्हास म्हणावयाचे नाही. शिवाय 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिणारा विद्यार्थी पुष्कळदा आपल्या घरची बोलीच लिहीत असतो. त्याची चारचौघांत हेटाळणी झाली, तर तो शुद्ध लिहू लागेलच असे नाही; कदाचित लिहिणेच सोडून देईल.

खरा दोष अन्यत्र आहे. रोमन अक्षरांत मराठी लिहिताना 'केला', 'केलं' आणि 'केळं' यांना बहुधा एकच रूप येते. क्रियापदाचे लिंग वाचकाने तर्काने ओळखावयाचे. त्याहून गंभीर हानी विरामचिन्हांच्या लोपाने होते. 'उद्या तास होणार नाही झाला तर कळवतो' या वाक्यात 'नाही'च्या आधी थांबावे की नंतर, यावर उद्याचा तास अवलंबून आहे. येथे वर्ण सारे शुद्ध असून अर्थ मात्र निश्चित नाही.

यावर कोणी मोडीचा दाखला देईल. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः नसे, विरामचिन्हे नसत, शब्दही सलग लिहिले जात. तरीही कारभार अडला नाही. हे खरे, पण त्या पत्रांना मायन्यापासून समाप्तीपर्यंत ठराविक घाट होता, आणि वाचणारा कारकून त्यात मुरलेला असे. विद्यार्थ्याच्या मजकुराला तसा घाट नाही आणि त्याचा वाचक अपरिचितही असू शकतो. बोलताना आवाजाच्या चढउताराने जे साधते, ते येथे चिन्हांनीच साधावे लागते.

म्हणून अध्यापकाने तांबडी शाई वेलांटीवर खर्च करण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्याचेच वाक्य मोठ्याने वाचावयास सांगावे. तो जेथे थांबेल, तेथे चिन्ह हवे, हे त्याला आपोआप उमगेल. वेलांटीची दुरुस्ती त्यानंतरही करता येते.