'झोंबी'तील कुटुंबसंवाद : हुकूम, मौन आणि मध्यस्थी

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या एका शेतकरी कुटुंबाचे चित्रण करणारी आनंद यादव यांची 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाची कहाणी म्हणून ती प्रामुख्याने वाचली जाते. तथापि हा झगडा घरातल्या बोलण्यातून आणि न बोलण्यातून कसा घडतो, याचाही विचार होणे आवश्यक आहे.

संवादाचे स्वरूप

कुटुंबसंवादाच्या अभ्यासात मोकळ्या चर्चेला मिळणारा वाव आणि आज्ञापालनाचा आग्रह हे दोन निकष महत्त्वाचे मानले जातात. त्यांनुसार हे घर चर्चा कमी आणि आज्ञापालन अधिक, या प्रकारात मोडते. वडील, म्हणजे दादा, हुकूम करतात, मारतात. शाळेचा विषय त्यांच्यासमोर काढण्याचे धैर्य मुलाला होत नाही. तो आईजवळ मन मोकळे करतो. परंतु दादांपुढे तिचेही काही चालत नाही. अखेर मायलेक गावातील प्रतिष्ठित दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात आणि आपण येऊन गेल्याचे दादांना कळू नये, अशी विनंती करतात. दत्ताजीराव दादांना बोलावून जाब विचारतात. तेथे मुलगा दादांच्या देखत निर्भयपणे बोलतो.

हा प्रसंग वरील निकषांची मर्यादा दाखवितो. ते निकष पालक व मुले यांच्यातील थेट बोलणे गृहीत धरतात. येथे मात्र घरातला शब्द घरातल्याच माणसापर्यंत गावच्या अधिकारामार्फत पोहोचतो. मध्यस्थीने शाळा मिळते. संवाद मिळत नाही. सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचे, शाळा सुटल्यावर गुरे चारायची, काम अधिक असल्यास शाळा बुडवायची, अशा अटी घालूनच दादा संमती देतात. हुकमाची भाषा कायम राहते.

सौंदलगेकर मास्तरांच्या शिकवण्यातून लागलेली कवितेची गोडी या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते. पिकाला पाणी पाजताना मुलगा एकटाच कविता म्हणतो. घरात दडपलेल्या वाणीला रानातल्या एकांतात वाट सापडते.

मर्यादा

या कथनाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. आईचे बोलणे वाचकापर्यंत मुलाच्या आठवणीतूनच येते. मुलाच्या शिक्षणासाठी ती किती बोलली हे कळते. तिला स्वतःसाठी काय बोलायचे होते, याचा ठाव तितका लागत नाही. शेतीला हात हवेत, या दादांच्या गरजेकडेही आपण मुलाच्या दुखावलेल्या नजरेतूनच पाहतो.

समारोप

ज्याला घरात बोलता आले नाही, त्याच्याच हाती पुढे सर्वांचे बोलणे आले. 'झोंबी'चे सामर्थ्य त्यात आहे आणि तिची मर्यादाही त्यातच आहे. म्हणूनच वर्गात ही कादंबरी शिकविताना मुलाच्या यशाबरोबर आई व दादा यांच्या अव्यक्त शब्दांचाही शोध घेतला जावा.