‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

आजचा विषय तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक आहे. पण त्यापायी एका पोराचे काही हजार रुपये अडकले होते, म्हणून तो घेतलाय.

अंबाजोगाईचा एक कॉलेजचा मुलगा आमच्याकडे निन्टेंडो स्विच घेऊन आला. कंट्रोलरची स्टिक हात न लावता सरकायची. 2017 साली आलेल्या या यंत्राचा हा जगभर गाजलेला दोष. नवी स्टिक बसवायला त्याने ते मोबाइलच्या दुकानात दिलं आणि तिथून निकाल आला : ‘बोर्ड गेला, नवीन घे.’ आम्ही भिंगाखाली पाहिलं. बोर्ड शाबूत होता. स्टिकची चपटी पट्टी जिथे शिरते, त्या कनेक्टरचं प्लास्टिकचं लॉक तेवढं निखळलं होतं.

आमची टीका त्या कारागिरावर नाही, त्या निकालावर आहे. कारागीर अनाडी नव्हता, त्याचा हात दुसऱ्या वळणाचा होता. आजच्या मोबाइलमध्ये बहुतेक कनेक्टर दाबून बसणारे असतात. नखाने किंवा प्लास्टिकच्या पात्याने सरळ वर उचलले की सुटतात. स्विचमधल्या अशा कनेक्टरला मात्र बिजागरीचं लॉक असतं. ते आधी उभं करायचं, मग पट्टी आडवी ओढायची. काहींचं लॉक पट्टी शिरते त्या बाजूला असतं, काहींचं मागे, काहींचं सरकवायचं, तर काहींना लॉकच नसतं. इथे मोबाइलची सवय चालवली की कट्‌ आवाज येतो.

दुरुस्तीचे व्हिडिओ शिकवतात, हे खरं. पण कित्येकदा ते नेमके इथेच घाईत पुढे जातात. गरम हवेचं मशीन, वितळणारं सोल्डर हे बघायला छान दिसतं, त्यावर कॅमेरा रेंगाळतो. ‘थांबा, लॉक कुठल्या बाजूला आहे ते बघा,’ हे सांगायला कुणाला फुरसत नसते. आम्हाला वाटतं, दुरुस्तीतली निम्मी नासाडी या न सांगितलेल्या वाक्यामुळे होते.

आता तुटलंच, तर? बॅटरी आधी सोडवायची. मग पायऱ्या ठरलेल्या आहेत. लॉक नुसतं निखळलं असेल तर त्याची टोकं बाजूच्या खाचांत चिमट्याने परत बसतात. हरवलं असेल तर तसल्याच एखाद्या मेलेल्या बोर्डावरचं काढून लावायचं. तेही नसेल तर पट्टीच्या ज्या बाजूला धातू नाही, तिथे पातळ टेपचे थर देऊन दाब आणायचा. हा तात्पुरता इलाज आहे आणि ग्राहकाला तो तसाच सांगायचा. आतल्या पिना वाकल्या असतील तरच कनेक्टर बदलायचा : पेस्ट लावायची, शेजारचं प्लास्टिक झाकायचं, गरम हवा द्यायची, आणि शेवटी दोन पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे मल्टिमीटरने बघायचं. बोर्डावरचा तांब्याचा ठिपकाच उखडला असेल तर बारीक तारेचा जंपर. एवढं सगळं करून हरलो, तर म्हणावं बोर्ड गेला.

त्या मुलाचं काम पहिल्याच पायरीवर झालं. निखळलेलं लॉक कंट्रोलरच्या आतच पडलेलं सापडलं.

केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली. सुरुवात म्हणून ते रास्तच. आमच्या जिल्ह्यात ट्रॅक्टर आधी, खेळणं नंतर, हे आम्हालाही कळतं. पण यादीत नसलेली वस्तू गावातल्या कारागिराच्या भरवशावर राहते, आणि त्याला कोण शिकवतंय, हा प्रश्न उरतो. हक्क कागदावर मिळाला, तरी लॉक उघडायचा हात शिकूनच येतो.

तेव्हा दुकानात ‘बोर्ड गेला’ असं ऐकलंत, तर भांडू नका. एवढंच विचारा : ‘नेमकं कुठं तुटलंय, भिंगातून दाखवता का?’ आणि तुम्ही स्वतः कारागीर असाल, तर मेलेले बोर्ड लगेच भंगारात देऊ नका. त्यांच्यावरची लॉकं एका डबीत जपून ठेवा.